जिप्सीचं ऑईल मागून गळतंय, पण ते मागचं असेलच असं नाही

भाऊ, तुमचा प्रश्न पूर्ण वाचला. ९९ ची जिप्सी किंग, कार्बोरेटरवाली, बेल हाऊसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधलं घंटेसारखं कव्हर) खालून ऑईल टपकून राहिलं, मिस्त्रीने खाली डोकं घालून दोन मिनिटांत निकाल दिला की क्रँकचं (इंजिनच्या मुख्य फिरणाऱ्या दांड्याचं) मागचं सील गेलं, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, आणि तुम्ही विचारताय की हे काम घरच्या पोर्चमध्ये जमेल का. जमतं. पण माझा अंदाज असा आहे की तुम्हाला गिअरबॉक्सला हातच लावावा लागणार नाही.

मी ताडोबाकडे, मोहर्लीच्या बाजूला सफारीच्या जिप्स्यांची कामं करतो, वीसेक वर्षं झाली. कोअर एरिया पावसाळ्यात १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो, तेवढ्या तीन महिन्यांत सगळ्या गाड्या उघडायच्या असतात, त्यामुळे एकाच जातीचं इंजिन एवढ्या वेळा पाहिलंय की कुठून ओलं आहे ते बघून पुढचं चित्र डोळ्यासमोर येतं. आणि मागून गळतंय म्हणून आलेल्या गाड्यांपैकी खरंच मागचं सील गेलेल्या गाड्या कमी निघतात. बाकीच्यांत ऑईल वरून येतं, ब्लॉकच्या मागच्या बाजूने ओघळतं, बेल हाऊसिंगवर जमा होतं आणि सगळ्यात खालच्या टोकावरून टपकतं. गाडी चालताना हवा पण त्याला मागेच ढकलते. म्हणजे थेंब जिथे पडतो तिथे गळती असते असं नाही, तिथे फक्त उतार संपतो.

एक किस्सा सांगतो म्हणजे पटेल. एका मालकाने मागचं सील दोनदा बदलून घेतलं होतं, एकाच वर्षात, दोन वेगळ्या ठिकाणी. दोन्ही वेळा गिअरबॉक्स खाली, दोन्ही वेळा नवीन सील, दोन्ही वेळा पंधरा दिवसांत परत थेंब. माझ्याकडे आली तेव्हा मी काहीच उघडलं नाही, आधी धुतली. मग इंजिन चालू ठेवून हेडच्या (इंजिनच्या वरच्या भागाच्या) मागे, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्याच्या) सांदीत आरसा घातला तर डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगना आळीपाळीने करंट वाटणाऱ्या भागाच्या) बुडाशी एक बारीक चमकणारी रेघ दिसली, चालू इंजिनवर हळूहळू जाड होत होती आणि खाली जाऊन नाहीशी होत होती. आतला ओ-रिंग, म्हणजे रबराची गोल कडी, काढला तर बांगडीचा तुकडा वाटावा इतका कडक, बोटाने वाकवला तर टक्कन मोडला. चहा-भज्याच्या पैशातली वस्तू. त्याच्यासाठी त्या माणसाने दोनदा गिअरबॉक्स उतरवला होता.

तर आधी शोधायचं, मग पाना हातात घ्यायचा.

सगळ्यात पहिलं, ते ऑईल इंजिनचं आहे का हे बघा. हसू नका, गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील गेलं तरी ऑईल त्याच बेल हाऊसिंगमधून खाली येतं. रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा टाका, सकाळी थेंबाला बोट लावून वास घ्या. गिअर ऑईलला गंधकासारखा, नाकात जाणारा घाण वास असतो, एकदा घेतला की जन्मभर विसरत नाही, आणि ते बोटांत चिकट, जाडसर लागतं. इंजिन ऑईल काळं असतं, पातळ असतं, जरा जळकट वासाचं. पुठ्ठ्यावर चाकांच्या खुणा करून ठेवा म्हणजे थेंब गाडीच्या कुठल्या भागाखाली पडला ते नंतर कळतं. जिप्सीत ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) गिअरबॉक्सला जोडलेली नसते, वेगळी मागे बसवलेली असते, मधे छोटा प्रॉपेलर शाफ्ट असतो, म्हणून तिचं ऑईल इंजिनच्या खाती लागत नाही, तेवढं एक बरं आहे.

गळती किती आहे याचा पण हिशोब करा. साधारण वीस थेंब म्हणजे एक मिलिलिटर. रात्रभरात पुठ्ठ्यावर पाच-सहा थेंब दिसले म्हणून कोणी घाबरून जायचं कारण नाही, पण उभ्या गाडीचे थेंब कमी आणि चालत्या गाडीचे जास्त असं बऱ्याच वेळा असतं, कारण प्रेशर इंजिन चालू असतानाच असतं. म्हणून पुठ्ठ्यापेक्षा डिपस्टिकवर विश्वास ठेवा. दर रविवारी सकाळी, थंड इंजिन, गाडी सपाट जागेवर, रेघ कुठे आहे ते लिहून ठेवा. या इंजिनात साडेतीन लिटरच्या आसपासच ऑईल असतं, त्यामुळे अर्धा लिटर कमी होणं म्हणजे सातवा हिस्सा गेला.

आता धुणं. याला शॉर्टकट नाही. वीस वर्षांचा चिखल-ऑईलचा थर असलेल्या इंजिनावर गळती शोधणं म्हणजे गढूळ नदीत पडलेली अंगठी शोधणं. थंड इंजिनवर डिझेल आणि ब्रश, किंवा डीग्रीझर, अर्धा तास भिजू द्या, जुन्या टूथब्रशने कोपरे घासा, मग पाण्याने धुवा. डिस्ट्रिब्युटर, कॉईल, अल्टरनेटर आणि कार्बोरेटरचं तोंड प्लास्टिकच्या पिशव्यांनी बांधून घ्या. प्रेशर वॉशर असेल तर लांबूनच, जवळून मारला की पाणी डिस्ट्रिब्युटरमध्ये जातं आणि मग गाडीच चालू होत नाही आणि तुम्ही भलतीकडेच फॉल्ट शोधत बसता. डिझेल मारल्यावर एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या आसपास नीट पुसून, सुकवूनच इंजिन चालू करा.

सुकलं की पुढची युक्ती, साधी टाल्कम पावडर. जिथे जिथे संशय आहे तिथे फुंकून पातळ थर बसवा, टॅपेट कव्हरच्या (हेडवरच्या झाकणाच्या) कडा, डिस्ट्रिब्युटरच्या खाली, हेड आणि ब्लॉकचा सांधा, ऑईल प्रेशर स्विच, फिल्टरच्या वर, चेंबरची (खालच्या ऑईलच्या पेटीची) कड. गाडी दहा-पंधरा मिनिटं फिरवून आणा, आणि लगेच टॉर्च घेऊन वरून खाली बघत या. पांढऱ्यावर पहिला काळा ओघळ जिथून सुरू होतो तीच जागा. सगळ्यात वरचा ओला ठिपका, खालचा नाही. ज्याला जास्त हौस असेल त्याने ऑईलमध्ये टाकायची ती चमकणारी डाय आणि निळी टॉर्च घ्यावी, ऑनलाइन मिळते, चांगली चालते, विशेषतः हळू गळती असेल तर. पण आमच्याकडे पावडरवरच भागतं.

आता वरून खाली येऊ.

सुरुवात कशाने करायची तर पॅकिंगने नाही, पीसीव्ही व्हॉल्व्हने. टॅपेट कव्हरवरून एक रबरी नळी इनटेक मॅनिफोल्डकडे जाते, तिच्या टोकाशी हा छोटा व्हॉल्व्ह. पिस्टनच्या बाजूने थोडा गॅस नेहमीच खाली चेंबरमध्ये निसटतो, तो बाहेर खेचून परत जाळायचं याचं काम. हा काजळीने चोंदला की इंजिनच्या पोटात गॅस धरतो आणि मग तो मिळेल त्या सीलमधून ऑईलला बाहेर ढकलतो. तुम्ही एक सील बदललं की दुसरीकडून निघतं, ते बदललं की तिसरीकडून. लोक म्हणतात जुनं इंजिन आहे, चालायचंच. अरे पण आधी तो व्हॉल्व्ह काढून कानाशी हलवा, आत खुळखुळ आवाज आला पाहिजे. नाही आला तर कार्ब क्लीनरने धुवा किंवा सरळ नवीन टाका. नळी पण दाबून बघा, आतून मऊ होऊन चिकटलेली असते कधी कधी, वरून एकदम ठीक दिसते.

त्याचबरोबर इंजिन गरम असताना, स्लोवर (ॲक्सिलरेटर न दाबता), ऑईलचं झाकण काढा आणि भोकावर तळहात धरून बघा, जरा जपून, शिंतोडे उडतात. हलकी फुंकर ठीक आहे. पण भकाभका धूर मारत असेल आणि हाताला रेटा लागत असेल तर पिस्टनच्या रिंगा संपल्या, आणि मग सील-पॅकिंग बदलणं हे फुटक्या घागरीला बाहेरून रंग देण्यासारखं आहे, तो वेगळा विषय आहे, तेव्हा कॉम्प्रेशन तपासून घ्या आणि इंजिन कामाचं बघा.

टॅपेट कव्हरचं पॅकिंग हे सगळ्यात सोपं आणि सगळ्यात जास्त बिघडवलेलं काम. रबर उष्णतेने कडक होतं, आमच्याकडे मे महिन्यात बाहेरच ४५-४६ डिग्री, इंजिन पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चार तास रांगतं, तर रबराने काय करावं. गळायला लागलं की प्रत्येक जण काय करतो, बोल्ट आवळतो. अजून गळलं की अजून आवळतो. कव्हर वाकतं, रबर बाहेर पिळून निघतं आणि एक दिवस बोल्ट हेडमध्ये मोडतो. मी स्वतः मोडलाय, सुरुवातीच्या काळात, आणि तो बाहेर काढायला अख्खा दिवस गेला होता. या बोल्टांना साधारण ४ ते ५ न्यूटन मीटरच लागतात, म्हणजे छोट्या रॅचेटला मुळाशी धरून दोन बोटांनी आवळला तेवढंच. टॉर्क पाना नसेल तर पान्याची लांब दांडी धरूच नका. बोल्टखालचे रबर वॉशर पण नवीन टाका, निम्म्या वेळा पॅकिंग नवीन आणि वॉशर जुने म्हणून परत गळतं. जुनं पॅकिंग काढताना हेडच्या कडेला पेचकसने खरवडू नका, ॲल्युमिनियम आहे, ओरखडा पडला की तिथून नवीन रस्ता तयार. प्लास्टिकची पट्टी, जुनं एटीएम कार्ड, थिनरचं फडकं, एवढं पुरतं. आणि रबरी पॅकिंगला वरून सिलिकॉन फासू नका, ते घसरतं. फक्त कोपऱ्यांत, जिथे सांधा आहे तिथे, तांदळाच्या दाण्याएवढं.

हे गळणारं ऑईल एक्झॉस्टवर पडलं तर गाडीत जळका वास येतो आणि सिग्नलला थांबलं की बॉनेटमधून निळसर धूर. तसं असेल तर ते आजच करा, बाकीचं पुढच्या रविवारी, गरम मॅनिफोल्डवर ऑईल म्हणजे आगीशी खेळ आहे.

आता तुमचा मुख्य आरोपी, डिस्ट्रिब्युटर. या आठ व्हॉल्व्हच्या १२९८ सीसी इंजिनात कॅमशाफ्टच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या वरच्या दांड्याच्या) मागच्या टोकाला, हेडच्या पाठीमागे, एक ॲल्युमिनियमची छोटी केस बोल्टने बसवलेली असते आणि तिच्यात डिस्ट्रिब्युटर उभा उतरतो. म्हणजे गळायला तीन जागा झाल्या. एक, केस आणि हेडच्या मधलं पॅकिंग. दोन, डिस्ट्रिब्युटरच्या मानेवरचा ओ-रिंग. तीन, डिस्ट्रिब्युटरच्या आतल्या शाफ्टचं सील. तिन्हीचं ऑईल सरळ ब्लॉकच्या पाठीवरून बेल हाऊसिंगवर. खालून बघणाऱ्याला शंभर टक्के मागचं सील वाटणार, मिस्त्रीचा पण फार दोष नाही, त्याला तेवढा वेळ नसतो. पण तुमच्याकडे आहे ना.

आधी डिस्ट्रिब्युटरची कॅप उघडा. आत, रोटरच्या (मधल्या फिरणाऱ्या तुकड्याच्या) खाली ऑईल साचलंय का बघा. असेल तर शाफ्टचं सील किंवा बुश (शाफ्टला आत धरणारी नळी) गेलंय, बाहेरचा ओ-रिंग बदलून काही होणार नाही, डिस्ट्रिब्युटर खोलणाऱ्याकडे द्यावा लागेल. रोटर धरून डावी-उजवीकडे हलवा, खडखड करत असेल तर बुश. आत कोरडं आणि बाहेर मानेशी ओलं, तर ओ-रिंग.

बदलायची पद्धत सांगतो, नीट वाचा कारण इथेच लोक फसतात. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन फिरवा, एक नंबर सिलिंडर वर येऊन पुलीची खूण जुळेपर्यंत, आणि रोटर कॅपवरच्या एक नंबर वायरकडे बघतोय ना याची खात्री करा. नसेल बघत तर अजून एक पूर्ण चक्कर. प्लगच्या वायरी कॅपमधून काढायच्याच नाहीत, कॅप तशीच बाजूला टांगून ठेवा. आता पांढऱ्या मार्करने, किंवा मुलांच्या दप्तरातला व्हाइटनर घ्या, तीन खुणा करायच्या. पहिली, डिस्ट्रिब्युटरची बॉडी केसवर कुठे बसली आहे. दुसरी, रोटरचं टोक बॉडीवर कुठे आहे. मोबाईलने फोटो पण काढा, वरून आणि बाजूने. व्हॅक्यूमची नळी आणि वायरचा कपलर काढा, खालचा एकच पकडणारा बोल्ट काढा आणि हलवत हलवत वर ओढा. ओढताना रोटर थोडा फिरेल, कारण खालचा गिअर तिरक्या दातांचा आहे. घाबरू नका. फिरून जिथे थांबला तिथे तिसरी खूण. बसवताना रोटर या तिसऱ्या खुणेवर ठेवून खाली सोडायचा म्हणजे तो फिरत फिरत आपोआप दुसऱ्या खुणेवर येतो. नाही आला तर परत वर, एक दात पुढे-मागे, परत खाली. दोन-तीन प्रयत्न मलाही लागतात.

आणि डिस्ट्रिब्युटर बाहेर असताना कोणालाही किल्ली फिरवू देऊ नका. घरात पोरं असतील तर किल्ली खिशात ठेवा. इंजिन अर्धी चक्कर जरी फिरलं तरी सगळा जोड नव्याने लावत बसावं लागतं.

ओ-रिंग कंपनीचाच घ्या, हार्डवेअरच्या दुकानातला पाण्याच्या नळाचा काळा रिंग बसतो, दिसतो पण तसाच, पण गरम ऑईलमध्ये दोन महिन्यांत फुगतो किंवा तडकतो. ऑईलचं बोट लावून बसवा, कोरडा ढकलला तर कडेला कापला जातो. केसचं पॅकिंग पण ओलं दिसत असेल तर केस काढून ते पण करा, जुनं पॅकिंग खरवडून, दोन्ही बाजू थिनरने पुसून, आणि केस बसवल्यावर डिस्ट्रिब्युटर टाकायच्या आधी त्या केसमध्ये थोडं इंजिन ऑईल ओता, नाहीतर पहिल्या स्टार्टला गिअर कोरडे घासतात. सगळं झालं की टायमिंग लाइटने ठिणगीचं टायमिंग तपासून घ्या, लाइट नसेल तर पहिल्या खुणेवर आवळा आणि जवळच्या गॅरेजात पाच मिनिटांचं काम म्हणून करून घ्या.

कार्बोरेटरवाल्या गाडीत पेट्रोल पंप पण हेडलाच बोल्टने बसवलेला असतो, कॅमच्या ढकलण्यावर चालतो. त्याच्या बुडाचं पॅकिंग ओलं असतं बऱ्याचदा. तिथे नवीन पॅकिंग, बास. पण पंपाचा पडदा फाटला तर पेट्रोल इंजिनच्या ऑईलमध्ये जातं, ऑईल पातळ होतं आणि मग ते सगळीकडूनच गळायला लागतं. डिपस्टिक हुंगून बघा. पेट्रोलचा वास आला किंवा ऑईलची पातळी वाढलेली दिसली तर गाडी चालवू नका, आधी पंप, मग ऑईल बदल.

ऑईल प्रेशरचा स्विच लोक विसरतात. फिल्टरच्या जवळ ब्लॉकमध्ये बसलेला, एक वायर असलेला. मधलं प्लास्टिक सुटतं आणि वायरच्या टोकातूनच ऑईल यायला लागतं, प्रेशरने येतं म्हणून बरंच येतं. वायरचा कपलर काढून आत ऑईल दिसलं की संपलं, बदला. आटे टेपर (टोकाकडे निमुळते) असतात, थोडं थ्रेड सीलंट लावा आणि राक्षसासारखा आवळू नका. फिल्टरचं पण सांगतो, जुना काढल्यावर त्याचा रबर रिंग ब्लॉकला चिकटून राहतो आणि नवीन त्याच्यावरच बसवतात, दोन रिंगांवर. पहिल्या दिवशी गळत नाही, चौथ्या दिवशी रस्त्यात ऑईल फेकतो.

पुढच्या बाजूला कॅम सील आणि क्रँक सील. ही गळती टायमिंग बेल्टच्या कव्हरच्या आत होते, त्यामुळे बाहेर उशिरा दिसते, आणि नेमकी तीच बेल्टला भिजवते. रबरी बेल्ट ऑईलमध्ये फुगतो, थर सुटतात, आणि एक दिवस तुम्ही जंगलात उभे. कव्हरच्या खालच्या टोकाला ऑईल दिसलं तर आज ना उद्या कव्हर उघडाच. आणि उघडलं तर दोन्ही सील, बेल्ट आणि टेन्शनर एकत्रच करा, मेहनत एकदाच. टायमिंगच्या खुणांचा फोटो काढल्याशिवाय बेल्ट सैल करू नका.

इथे माझी एक चूक सांगतो. जुनं क्रँक सील निघत नव्हतं म्हणून मी पेचकस आत घालून उचकटलं आणि क्रँकच्या गुळगुळीत भागावर नखाला लागेल एवढा ओरखडा पाडला. नवीन सील आधीपेक्षा जास्त गळलं. शेवटी पाण्याच्या दगडासारख्या बारीक पॉलिश पेपरने तास-दोन तास घासलं, आणि सील पहिल्यापेक्षा मिलिमीटरभर बाहेर बसवलं म्हणजे त्याचा ओठ ओरखड्यावर न येता ताज्या जागेवर येईल, तेव्हा थांबलं. हीच युक्ती जुन्या, खाच पडलेल्या शाफ्टला पण चालते. सील काढायची बरोबर पद्धत म्हणजे सीलच्या पत्र्यात बारीक भोक, त्यात स्क्रू, आणि स्क्रूला पकडीने ओढायचं, शाफ्टला काही लागू द्यायचं नाही. बसवताना सीलच्या बाहेरच्या कडेएवढ्या मापाचा पीव्हीसी पाईपचा तुकडा घ्या, ओठाला ग्रीस, आणि पाईपवर हळू हळू, चारी बाजूंनी सारखं ठोका. तिरकं गेलं तर काढून फेका.

चेंबर, म्हणजे खालची ऑईलची पेटी. आपण जिप्सी दगडधोंड्यातून नेतो, पत्रा ठोकला गेलेला असतो आणि बोल्ट आवळून आवळून प्रत्येक भोकापाशी कड आत दबलेली असते. पॅकिंग बदलून उपयोग नाही, आधी ती कड सपाट करा. ऑईल काढा, चेसी पक्की उचलून पुढचा ॲक्सल लोंबता सोडा म्हणजे जागा होते, बोल्ट काढा, चेंबर चिकटलेला असेल तर पातळ पट्टी घालून सगळीकडून सोडवा. मग लाकडी ठोकळ्यावर कड ठेवून हातोड्याने फुगवटे उलटे ठोका, काचेवर ठेवून बघा, कुठून प्रकाश दिसतो का. दोन्ही बाजू थिनरने पुसल्यावर परत बोट लावायचं नाही. सीलंट आखडता हात ठेवून, तीन मिलिमीटरची सलग रेघ, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने. हाताने बोल्ट लावा, तासाभराने ९ ते १२ न्यूटन मीटरला आवळा, मधून सुरू करून टोकांकडे, आणि ऑईल दुसऱ्या दिवशी.

आखडता हात का म्हणालो ते सांगतो. एक इंजिन उघडलं होतं, प्रेशरचा लाल दिवा मधेच लागायचा अशी तक्रार. चेंबर काढला तर ऑईल ओढणाऱ्या जाळीवर लाल सिलिकॉनचे तुकडे, शेवेसारखे, इतके की अर्धी जाळी झाकली गेली होती. कोणीतरी अर्धी ट्यूब पिळली होती. बाहेर जेवढं सिलिकॉन दिसतं तेवढंच आत पण गेलेलं असतं हे ध्यानात ठेवा. एम-सील बाहेरून थापणारे, साबण चोळणारे, त्यांच्याबद्दल तर काय बोलायचं, जंगलात अडकल्यावर घरी पोचण्यापुरतं ठीक आहे, घरी पोचल्यावर पण तेच ठेवायचं नसतं.

गळती थांबवणारी बाटली मिळते ती टाकू का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. ते रसायन रबराला फुगवतं. सील नुसतं आक्रसलेलं असेल तर काही महिने निघतात. मोडलेल्या ओ-रिंगला, ठोकलेल्या चेंबरला काहीच होत नाही. विकायला काढलेल्या गाडीत लोक टाकतात, एवढं मला माहीत आहे. ऑईल मात्र जाडीत नीट घ्या, २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० वर आयुष्य काढलेल्या इंजिनात कोणाच्या सल्ल्याने एकदम पातळ सिंथेटिक टाकलं की महिनाभरात झिरपायला लागतं, अशा गाड्या दर वर्षी येतात.

एवढं सगळं वरचं कोरडं निघालं, पावडर पांढरीच राहिली, आणि बेल हाऊसिंगच्या खालच्या पत्र्यातून तरी इंजिन ऑईलच येतंय, तेव्हा मागचं सील. क्लच सुटताना गाडी थरथरत असेल किंवा चढावर इंजिन ओरडतं पण गाडी पुढे जात नाही असं होत असेल तर ऑईल क्लच प्लेटपर्यंत पोचलंय. घरी करायचं तर दोन माणसं आणि एक पूर्ण शनिवार-रविवार धरा. प्रॉपेलर शाफ्ट, गिअर लिव्हर, स्टार्टर, क्लच केबल, गिअरबॉक्सचं माउंटिंग, मग बॉक्स सरळ मागे ओढायचा, इनपुट शाफ्टवर त्याचं वजन लटकू द्यायचं नाही, प्लेट वाकते. इंजिन मागे झुकू नये म्हणून चेंबरखाली लाकडाची फळी ठेवून जॅकचा आधार. गाडी जॅक स्टँडवर, चारी बाजूंनी हलवून बघितल्याशिवाय खाली जायचं नाही. विटा, सिमेंटचे ठोकळे यांच्यावर गाडी ठेवून कधीही खाली जाऊ नका, ते आधी कुरकुरत नाहीत, एकदम फुटतात. आणि बॉक्स उतरलाच आहे तर क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग आणि गिअरबॉक्सचं इनपुट सील पण बघून घ्या.

पण भाऊ, ते नंतर. या रविवारी फक्त धुवा, पावडर मारा, पंधरा मिनिटं फिरवा आणि हेडच्या मागे आरसा घालून फोटो काढा, डिस्ट्रिब्युटरच्या मानेचा जवळून. फोटो इथेच टाका, मी रात्री नऊनंतर बघतो, दिवसभर हात काळे असतात.